पंखांवरचं औषध

"संपलं म्हणजे? काय संपलं? नीट विचारा तिला."

विमानात ओळख झालेल्या रेवतकरांनी पुन्हा इंग्रजीत विचारलं. काउंटरमागची बाई पन्नाशीची असेल, गळ्यात निळा रुमाल, डोळ्यांखाली काळं. तिने पुन्हा तेच सांगितलं आणि हात पसरले.

"बाई, ते म्हणून राहिली का औषध संपलं," रेवतकर म्हणाले.

"औषध? विमान आजारी आहे का?"

"तसं नाही हो. पंखांवर बर्फ जमते ना, ते काढासाठी गाडीतून एक औषध फवारतेत. आपण कपाशीवर फवारतो तसं. ते मारल्याबिगर विमान उडवूच देत नाही. अन् ह्या कंपनीजवळचं ते संपलं. उद्या ट्रक येईन म्हणते."

मी काचेतून बाहेर बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि उजेड दिवेलागणीसारखा. आमचं विमान समोरच उभं होतं, पाठीवर बर्फ घेऊन. आम्ही कोळी लोक बर्फ विकत घेतो, लादीवर लादी. ह्यांच्याकडे तो फुकट पडतो आणि तो झटकायची ह्यांच्यात अक्कल नाही.

ही नऊ वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. मुंबईहून कॅनडाला जाताना युरोपात मध्ये विमान बदलायचं होतं, तिथे हे झालं. विमानतळाचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. त्यांनी माझं नाव लक्षात ठेवलं नाही, मी त्यांचं कशाला ठेवू? पुढे दोन महिन्यांनी त्यांचं दिलगिरीचं पत्र आलं होतं. नरेशने, माझ्या मुलाने, वाचून दाखवलं. मी म्हटलं, ठेव ते लोणच्याच्या बरणीखाली, तेल झिरपतंय.

मी मथुरा चोगले. शाळा चौथीपर्यंत. पण रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत सुक्या मासळीच्या धंद्यातल्या कुणालाही माझं नाव विचारा. मालक गेले तेव्हा वखारीत दीड पोतं जवळा होता आणि घरात दोन पोरं. त्यावर मी धंदा उभा केला. त्यामुळे कुणी मला "संपलं" म्हणालं की माझ्या डोक्यात जातं.

त्या दिवशी तर जास्तच गेलं, कारण पुढे माझी लेक वाट बघत होती. कांचन. कॅलगरी म्हणून शहर आहे, तिथे असते. पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी वीस तारीख दिलेली. मी सतराला दुपारी पोचणार होते. जावई, बिजू, केरळचा, तेलाच्या विहिरींवर कामाला. उत्तरेला, घरापासून सहा तासांवर. त्याला एकोणीसपासूनच सुट्टी मिळाली होती. सतराला आई येतेय म्हटल्यावर तोही निश्चिंत होता. तिकीट नरेशने काढलं होतं, तारीख मी दिली होती. सतरा, अठरा, एकोणीस. तीन दिवस हातात. माझा हिशेब कधी चुकत नाही असं मी त्याला ऐकवलंही होतं.

तो पहिला दिवस सगळा रांगेत गेला. आमच्याकडे त्या देशाचा व्हिसा नव्हता, म्हणून हॉटेलातही जाता येईना. कंपनीने पातळ घोंगड्या वाटल्या आणि जेवणाचं एकेक कूपन. मी माझं कूपन शेजारच्या बाईला दिलं आणि पिशवीतून डबा काढला. तांदळाच्या भाकऱ्या, तळलेले बोंबील, जवळ्याची सुकी चटणी. झाकण उघडताच पुढच्या बाकावरचं एक गोरं जोडपं उठून गेलं. मग त्याच्या पलीकडचं.

"बरं झालं," मी म्हटलं, "पाय पसरायला जागा झाली."

रेवतकर हसायला लागले. हे नागपूरचे, बँकेतून निवृत्त झालेले, मुलाकडे चाललेले. सकाळपासून माझं मराठी त्या बाईला आणि त्या बाईचं इंग्रजी मला पोचवत होते. मी त्यांच्यापुढे भाकरी धरली. एका घासात त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय हो, नागपूरचे ना तुम्ही? सावजी रस्सा पिता आणि जवळ्याला रडता?"

"सावजी निदान सांगून मारते, बाई. हे तं मागून येऊन मारून राहिलं." त्यांनी नाक पुसलं आणि आणखी एक भाकरी घेतली. मग पिशवीत डोकावून म्हणाले, "पण एवढे चार-चार डबे काऊन? लेकीकडेच चालल्या ना तुम्ही?"

"लागतात," मी म्हटलं.

माझा आवाज ऐकून त्यांनी पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, अठराला, सकाळी ट्रक आला नाही. दुपारी बारापर्यंत नाही, एकपर्यंतही नाही. रस्त्यात बर्फात अडकला म्हणे. दोन वाजता मी काचेपाशी उभी होते, तर समोर एका विमानावर फवारा चाललेला दिसला. उंच शिडीची गाडी, वर माणूस, पंखांवर नारिंगी पाण्याचा झोत, वाफाच वाफा. थोड्या वेळात ते विमान हललं आणि गेलं की!

मी रेवतकरांना हाताला धरून काउंटरवर नेलं. "विचारा तिला. त्या विमानाला कुठून मिळालं औषध?"

ती बाई काहीतरी हळू बोलली. रेवतकरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"सांगा ना."

"ते दुसऱ्या कंपनीचं आहे. त्यांच्याजवळ त्यांचा साठा आहे. त्यांनी सप्टेंबरातच भरून ठेवला होता म्हणते."

"आणि ह्यांनी?"

"ह्यांनी पंधरा दिवसांचंच मागवलं होतं. लागलं तर पुढचं मागवू म्हणून."

म्हणजे हिवाळा सगळ्यांच्या घरी आला, पीठ संपलं ते ह्यांच्याच घरचं! मी तोंड उघडणार, तोच कमरेच्या पिशवीत फोन वाजायला लागला. कांचनचा. तिकडे सकाळचे सहा-सात वाजले असतील.

"आई, निघालीस का गो?"

"नाही गो बाय. इथेच बसवून ठेवलंय मेल्यांनी. तू काय एवढ्या सकाळी?"

नुसता श्वास ऐकू येत होता.

"आई, पाणी गेलंय माझं. मघाशी."

"कळा?"

"येतायत."

"बिजूला फोन कर."

"केला. रात्रभर बर्फ पडलाय, तिकडचा रस्ता बंद आहे. त्याची सुट्टी उद्यापासून होती ना."

"शेजारी कोण आहे?"

"समोर लूझ आहे. फिलिपिन्सची. तिला फोन लावते."

"माझा फोन ठेवू नको, तसाच चालू ठेव. दुसऱ्या फोनवरून तिला लाव. दाराची कडी आधी काढून ये. आणि खाली बसू नको, भिंतीला धरून चाल, हळूहळू."

"बरं," ती म्हणाली. तिची पावलं ऐकू यायला लागली.

मी फोन हातात घट्ट धरला आणि काउंटरकडे वळले. पुढचं मी ओरडून बोलले. माझा आवाज मासळीबाजारात तयार झालेला आहे, दोन गल्ल्या पलीकडच्या गिऱ्हाइकाला भाव सांगणारा. अख्खं दालन वळून बघायला लागलं.

"हिला सांगा, रेवतकर. शब्दन् शब्द सांगा. आमच्याकडे पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो. कधी चार दिवस आधी, कधी चार दिवस मागे, पण येतो. तो आला की दोन महिने होडी दर्यात जात नाही. मग गाव काय खातं? पावसाआधी भरून ठेवलेलं खातं. आगोट म्हणतात त्याला आमच्याकडे. लहान पोरालासुद्धा माहीत असतं. एप्रिल-मेच्या उन्हात पाठ भाजून मी माल वाळवते, भरते, वर पेंढा घालते. पंचवीस वर्षं! एकदा तरी गिऱ्हाइकाला म्हटलं असेल मी, की बाई, पाऊस आला हो, मला वाटलं नव्हतं येईल म्हणून?"

रेवतकर दोन वाक्यं मागे पडले होते. मी थांबले नाही.

"हिवाळा काय तुमच्याकडे चोरासारखा आला? दरवर्षी येतो. त्याच महिन्यात, त्याच वाटेने. तुम्हाला तारीख माहीत होती. तरी काठावर ठेवलंत. आत्ता कशाला, पुढे बघू. लागलं तर बघू. कुणाच्या जिवावर बघू? माझी पोर तिकडे एकटी भिंतीला धरून चालतेय! वेळ माहीत असूनसुद्धा जो अगदी काठावर येतो, त्याला आळशी म्हणत नाहीत. त्याला माजोरी म्हणतात. त्याला वाटतं, जग माझ्यासाठी थांबेल. पाऊस थांबेल, हिवाळा थांबेल, पोटातलं पोर थांबेल!"

मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघांनी. त्यांना एक अक्षर कळलं नसणार. काउंटरवरच्या बाईने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ती काहीतरी म्हणाली, फार हळू.

"ते म्हणते, मला माफ करा," रेवतकर म्हणाले. "अन् म्हणते, तुमचं बरोबर आहे."

चूक त्या बाईची नव्हती, एवढं मलाही कळत होतं. साठा मागवणारा कुठेतरी उबेत बसलेला असणार. पण माझ्या अंगाची आग झाली होती आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. मी फोन कानाला लावला.

"कांचन? आली का ती लूझ?"

"येतेय. कपडे करतेय." मग म्हणाली, "आई, मी ऐकलं सगळं."

"ऐकलंस ना? चांगलं झाडलं एकेकाला."

"हो. अगदी बरोबर बोललीस."

मग कळ आली असावी. तिने तोंड दाबून घेतलं तरी मला आवाज आला. मी मोजत राहिले. तो थांबल्यावर ती बोलली, तेव्हा तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. राग होता. माझाच राग, माझ्याच पोटचा, मी ओळखला.

"मी तुला ऑक्टोबरात ये म्हणाले होते. मग नोव्हेंबरात म्हणाले. बिजूने तिकीट काढून पाठवलं, ते तू परत केलंस. नववा महिना कधी लागतो हे तुला माहीत नव्हतं का गो, आई? इथे डिसेंबरात बर्फ पडतो हे मी तुला सांगितलं नव्हतं?"

"बाय, माझं ऐक..."

"बेल वाजली. लूझ आली. ठेवते."

फोन बंद झाला. मी परत लावला, तिने उचलला नाही.

मी बाकावर येऊन बसले. रेवतकरांनी कुठूनतरी गरम पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या विमानाकडे बघत बसलो. शेवटी मीच बोलले.

"लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी रीत आहे आमच्यात."

"आमच्याकडेही होती," ते म्हणाले. "माझ्या आजोबांच्या वेळेस. आता कोण पाळते?"

"कुणी नाही. माझी सख्खी बहीण लेकीच्या लग्नानंतर आठव्या दिवशी तिच्या घरी जेवून आली. पण मी पाळली." मी पेला खाली ठेवला. "पोरीने लग्न मला न विचारता ठरवलं. जातीबाहेर, मुलखाबाहेर. तेही मासे खाणारे लोक, म्हणून मी फार तोंड सोडलं नाही. पण हळदीच्या दिवशी चारचौघांत म्हटलं, मूल होईस्तोवर तुझ्या घरचं पाणीही पिणार नाही. ती हसली तेव्हा. तिला वाटलं, आई बोलते तशी बोलली. सहा वर्षं झाली. दोनदा पोट राहिलं आणि गेलं. दोन्ही वेळा तिने बोलावलं. मी गेले नाही."

रेवतकरांनी पिशवीकडे बघितलं. "म्हणून हे डबे."

"सतरापासून वीसपर्यंत. चार दिवसांचे चार. पाण्याच्या बाटल्या तिकडे दुकानातून घेणार होते, माझ्या पैशाने. वीसला बाळ झालं की शब्द पुरा झाला."

मग, अगदी साधेपणाने, जसं बँकेत कुणाचा अर्ज तपासताना विचारत असतील तसं त्यांनी विचारलं, "अन् बाई, बाळ आठ दिवस उशिरा झालं असतं तं?"

तीन बाळंतपणं मी जवळून पाहिली होती. दोन माझी आणि एक जावेचं. त्यातलं एकही दिलेल्या तारखेला झालं नव्हतं.

"तुम्ही तुमचं बघा," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. थोड्या वेळाने उठले आणि माझी घोंगडी माझ्या पायांवर नीट घालून गेले.

एकोणीसला दुपारी ट्रक आला आणि आमच्या पंखांवर औषध पडलं. तोवर कांचनचा फोन नव्हता, बिजूचा एकच निरोप होता, नुसता एक शब्द: मुलगी. विमानात मी डोळे मिटले नाहीत आणि डबाही उघडला नाही. कॅलगरीला उतरल्यावर रेवतकर म्हणाले, "येतो, बाई. लेकीला आशीर्वाद सांगा." मी हात जोडले. त्यांना मी कधी आभार म्हटलं की नाही, आठवत नाही.

बिजू घ्यायला आला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने वाकून नमस्कार केला. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आई म्हणतो.

"कशी आहे ती?"

"आई, ठीक आहे आता. ऑपरेशन केला रात्री दोन वाजता. रक्त खूप गेला. दोन बाटली चढवला." त्याचं मराठी कांचनने शिकवलेलं. "मी पहाटे पोचला. तोपर्यंत लूझच होती. तिने हात पकडून ठेवला पूर्ण टाइम."

आम्ही गाडीत बसलो. मला एक गोष्ट विचारायची होती, तिने माझं नाव घेतलं का. विचारली नाही.

खोलीत कांचन उशीला टेकून बसली होती. माझी पोर काळीसावळी, तुकतुकीत. त्या दिवशी ती राखेसारखी दिसत होती. खुर्चीत एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई बाळाला छातीशी धरून बसली होती. मला बघून ती लगेच उठली, हसली, बाळ माझ्या हातात दिलं आणि बिजूबरोबर बाहेर गेली. बाळाने डोळे मिटलेले होते. कपाळ चोगल्यांचं.

"पोचलीस?" कांचन म्हणाली.

"हो."

"उशीर झाला ना तुला."

"त्या मेल्यांनी..." मी सुरू केलं.

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही बघत, असं आधी मला वाटलं. मग कळलं की रागानेच बघतेय, फक्त ओरडायला तिच्या अंगात जीव नाही.

मी वाक्य पुरं केलं नाही.

दार वाजलं. एक नर्स जेवणाचं ताट ठेवून गेली. प्लास्टिकचा वाडगा, त्यात पांढरं सूप, दोन उकडलेले बटाटे, पावाचा तुकडा. ताटाला एक चिठ्ठी लावलेली होती, तिच्यावर कांचनचं नाव. इंग्रजीतलं तिचं नाव मला वाचता येतं, तेवढं मी शिकून घेतलं होतं.

कांचनने हाताने ते ताट माझ्याकडे ढकललं. टाके दुखले असावेत, तिचे ओठ दाबले गेले.

"जेव."

"अगो, तुझं आहे ते. तुला ताकद हवी."

"मला भूक नाही. तू जेव, आई. आता चालतं."

मी उभीच होते. ती वाट बघत होती. मी बाळाला तिच्या कुशीत ठेवलं, तिची पायाकडची चादर सारखी केली, हात धुऊन आले आणि खुर्चीत बसले. चमचा उचलला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी मी तिच्या तोंडाकडे बघायचे तशी, सगळं संपवते की नाही म्हणून.

सुपात मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.